गालावरचं कोडं

मुंजीच्या दिवशी सकाळी मातृभोजनाची पानं मांडायची गडबड चालू होती. तेवढ्यात एका काकूंनी माझ्या लेकीची हनुवटी धरली, तिचं तोंड खिडकीतल्या उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "हे काय गं हिच्या गालावर? पांढरं पांढरं?"

मागच्या एप्रिलमधली ही गोष्ट. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही रेडिंगहून साताऱ्याला आलो होतो. माझ्या भावाच्या मुलाची मुंज होती. इंग्लंडमधल्या शाळांना ईस्टरला दोनच आठवडे सुट्टी, म्हणून मुहूर्तसुद्धा आमच्या तारखा बघून काढलेला. लेक आठ वर्षांची. आल्या दिवसापासून मामेभावंडांबरोबर भर उन्हात अंगणात पकडापकडी, लगोरी, आंब्याखाली बैठक. टोपी घाल म्हटलं तर टोपी कुत्र्याला घातलेली. चार-पाच दिवसांत चांगली रापली. आणि त्या रापलेल्या चेहऱ्यावर फिकट गोल उठून दिसायला लागले. दोन्ही गालांवर मिळून तीन, हनुवटीजवळ एक. एक रुपयाच्या नाण्याएवढा, बाकीचे लहान.

खरं तर मला ते अगदीच नवीन नव्हते. फेब्रुवारीत रेडिंगमध्ये तिचा उजवा गाल जरा तांबूस, खरखरीत झाला होता. घरात चोवीस तास हीटिंग, बाहेर बोचरा वारा. थंडीनं गाल फुटलेत, असं म्हणून मी दोन रात्री व्हॅसलिन लावलं आणि विसरून गेले. तो तांबूसपणा जाऊन तिथं हे फिकट चट्टे कधी झाले, ते मी बघितलंच नव्हतं. इंग्लंडच्या ढगाळ हवेत ते दिसतही नव्हते. साताऱ्याच्या उन्हानं दाखवले.

मग काय, मुंजीची पंगत बसायच्या आधी निदानांची पंगत बसली. पहिलं निदान अर्थातच जंत. "रात्री दात खाते का गं?" खाते म्हटल्यावर तर शिक्कामोर्तबच झालं. दुसरं निदान कॅल्शियम. "तिकडं दूध देत नाहीस की काय पोरीला?" तिसरं, चॉकलेट फार खाते. एकीनं लिंबाचा रस चोळायला सांगितला, दुसरीनं बावचीचं तेल. माझ्या आईनं तर आदल्या दोन दिवसांत डाळीचं पीठ आणि हळद लावून तिचे गाल घासून काढलेही होते, मला न सांगता. तरीच ते जास्त कोरडे दिसत होते.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं. आणि मग त्या काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोड तर नाही ना? तुमच्याकडे आहे, म्हणून आपलं विचारलं."

खोलीतल्या दोन-तीन माना आपोआप एका बाजूला वळल्या. तिकडे माझी आत्या पानांच्या डाव्या बाजूला मीठ वाढत होती. तिनं ऐकलं असणारच. तिनं मान वर केली नाही, पुढच्या पानावर मीठ वाढलं.

आत्याला अठराव्या वर्षी कोड आलं. आधी बोटांच्या पेरांवर, मग ओठांवर, मग पावलांवर. तेव्हा तिचा साखरपुडा झालेला होता. तो मोडला. मुलाकडच्यांनी कारणसुद्धा सांगितलं नाही आणि आमच्याकडच्यांनी विचारलंही नाही. सगळ्यांना ते माहीतच होतं. पुढे आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीच्या गावात एका पालकानं "बाईंच्या हातचं पाणी मुलांना देऊ नका" अशी तक्रार केली होती. ही गोष्ट ती विनोद म्हणून सांगते. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे ब्लाउज घालते. घरातल्या जुन्या फोटोंत ती कायम मागच्या रांगेत, हात कुणाच्या तरी पाठीमागे.

माझ्या लग्नात सीमांतपूजनाला आत्या आली नाही. "मुलाकडच्यांना उगाच प्रश्न पडायला नकोत," असं घरात कुणीतरी म्हणालं होतं. कुणी, ते मला पक्कं माहीत आहे, पण ते इथं कशाला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, इंजिनिअर, चांगली नोकरी करणारी मुलगी. ते वाक्य मी ऐकलं आणि काही बोलले नाही.

त्या रात्री आईनं मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "कुणाला बोलू नकोस. मुलीची जात आहे." मी "काहीतरीच काय आई" म्हटलं, पण झोप लागली नाही. अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून झोपलेल्या लेकीचे गाल बघत बसले. मला वाटायचं, आपण इतकी वर्षं बाहेर राहिलो, आपल्या डोक्यातलं हे सगळं गेलं असेल. कसलं जातंय!

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं मोबाईलवरचा फोटो बघितला आणि पाच सेकंदांत एक ट्यूब काढून समोर ठेवली. "हे लावा, आठ दिवसांत जाईल. सगळे नेतात." डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं मागितली नाही आणि मीही तो प्रश्न काढला नाही. चार रात्री लावली. गाल मऊ पडले, आई खूश.

परतीच्या विमानात लेकीनं विचारलं, "आई, माझ्या गालावर कोड आहे म्हणजे काय? तो स्कॅन करायचा असतो का?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, मराठी शब्द तिनं इंग्रजी कानांनी ऐकला होता. तिच्या जगात कोड म्हणजे दुकानातल्या वस्तूवर असतो तो, नाहीतर आयपॅडचा पासवर्ड. पण ती पुढे म्हणाली, "आजी म्हणत होती, कोड असलं तर पोरीचं कठीण आहे. काय कठीण आहे?" मी तिला झोपायला सांगितलं. आईपण निभावताना जी उत्तरं चुकली, त्यांत हे एक.

रेडिंगला आल्यावर सकाळी आठ वाजता जीपीला फोन लावायचा तो नेहमीचा सोहळा. "तुमचा रांगेत सतरावा नंबर आहे." भेट मिळाली ती बारा दिवसांनंतरची. म्हणून मधल्या काळात कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. इथल्या फार्मासिस्टना आपण उगाचच नुसते औषध देणारे समजतो. बाईंनी माझ्या हातातली साताऱ्याची ट्यूब घेतली, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "हे मुलीच्या चेहऱ्यावर लावलंत?"

त्या एका ट्यूबमध्ये तीन औषधं होती: बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल गटातलं. लहान मुलाच्या चेहऱ्यावर असं औषध बरेच दिवस लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, पुरळ येतं. शिवाय स्टेरॉइडनं कातडीचा रंग आणखी फिका होऊ शकतो, म्हणजे ज्यासाठी लावलं तेच वाढायचं. आणि लावायचं थांबवलं की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून माणूस परत लावतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या मलमांच्या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षं ओरडते आहे. इथं साधं एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन चिठ्ठीशिवाय मिळतं, पण दहा वर्षांखालच्या मुलांसाठी किंवा चेहऱ्यासाठी ते फार्मासिस्ट आपण होऊन देत नाही, त्याला डॉक्टर लागतो. त्याच्या कितीतरी पट जहाल औषध मी भाजीसारखं पिशवीत टाकून आणलं होतं. सुदैवानं चारच रात्री झाल्या होत्या, त्यानं काही बिघडलं नाही.

जीपीकडे एक तरुण डॉक्टर होता. गोड मुलगा. त्यानं नीट तपासलं, बोटानं चट्ट्याची कड बघितली, खरखर बघितली, अंगावर दुसरीकडे कुठे आहे का ते बघितलं. मग संगणकावर चित्रं उघडली आणि जरा गोंधळला. त्या चित्रांतली सगळी मुलं गोरीपान! आणि गोऱ्या कातडीवर हे चट्टे असून नसल्यासारखेच दिसतात. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावतो." त्या आल्या, नायजेरियात जन्मलेल्या, पन्नाशीच्या. त्यांनी दारातूनच लेकीकडे बघितलं आणि हसल्या. "माझ्या दोन्ही मुलांना होते हे. पिटिरायसिस अल्बा."

हा केवळ त्या तरुण डॉक्टरचा दोष नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात मलोन मुकवेन्डे नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी शिकत होता. आजाराच्या खुणा आपल्याला फक्त गोऱ्या कातडीवर शिकवतात, माझ्यासारख्या कातडीवर त्या कशा दिसतात, हा प्रश्न त्याला पडला. त्यानं दोन शिक्षकांना बरोबर घेऊन २०२० मध्ये 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली. त्यात काळ्या आणि सावळ्या कातडीवरच्या खुणा दाखवल्या आहेत. आपल्या मुलांच्या बाबतीत इथं डॉक्टर चुकतो, अडखळतो, त्याचं एक कारण हे आहे. म्हणून "घरात कातडीचा रंग एरवी कसा आहे, यात काय बदललं" हे आपणच सांगायला हवं. उन्हात काढलेले आधीचे फोटो मोबाईलमध्ये असतातच, ते दाखवावेत.

आता त्या नावाबद्दल. पिटिरायसिस हा शब्द मूळ ग्रीक, त्यात कोंडा आहे. अल्बा म्हणजे लॅटिनमध्ये पांढरा. पांढरा कोंडा! गव्हाचा कोंडा आणि डोक्यातला कोंडा यांना मराठीत एकच शब्द आहे, म्हणून आपल्याला ते चटकन कळतं. चट्ट्यावर बोट फिरवलं की बारीक पापुद्रा हाताला लागतो, तोच हा कोंडा.

साधारण तीन ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये हे खूप दिसतं. जास्त करून गालांवर, तोंडाभोवती, हनुवटीवर; कधी मानेवर, दंडांवर. नेमकं कारण एकच असं नाही, पण कोरडी कातडी आणि एक्झिमाची प्रवृत्ती असलेल्या मुलांना जास्त होतं. एक्झिमाचाच तो सौम्य प्रकार मानतात. आधी थोडा दाह, म्हणून तांबूसपणा. मग त्या जागी रंग तयार व्हायचं काम काही काळ मंदावतं. आजूबाजूची कातडी उन्हानं काळवंडते, ही जागा मागे राहते, आणि चट्टा उठून दिसतो. म्हणजे ऊन लागून नवीन काही झालेलं नसतं, असलेलं दिसायला लागतं. मोठ्या डॉक्टरबाईंनी हे सांगितल्यावर मला फेब्रुवारी ते एप्रिल सगळी साखळी जुळली.

हे संसर्गजन्य नाही. टॉवेलनं, पोहण्याच्या तलावातून, गालाला गाल लावून पसरत नाही. शाळेत पोहायचा तास असतो तेव्हा एका आईनं मला फाटकापाशी "हे पसरणारं नाही ना?" विचारलंच होतं. आता उत्तर ठणकावून देता आलं.

आणि जंत? जंतांचा याच्याशी संबंध नाही. भारतात मुलांना शाळेतून जंतनाशक गोळी देतात ती रक्तक्षय, वाढ, पोट यांसाठी, आणि ती जरूर घ्यावी. पण गालावरचे चट्टे ही जंतांची खूण नव्हे, आणि रात्री दात खाणं हीसुद्धा नव्हे. कॅल्शियमचंही तसंच. ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, त्यामुळे एनएचएस रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते, आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर विचार करावा म्हणते. आम्ही घेतो. पण ते हाडांसाठी, गालांसाठी नाही.

उपचार ऐकून माझी आई फोनवर जवळजवळ नाराज झाली. "एवढंच?" एवढंच. साबण बंद, तोंड धुवायला बिनसाबणाचं सौम्य क्रीम. दिवसातून दोन-तीनदा साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, विशेषतः आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच. बाहेर जाताना ३० किंवा वरच्या एसपीएफचं सनस्क्रीन, म्हणजे आजूबाजूची कातडी रापून फरक वाढणार नाही. फार लाल किंवा खाजरं असेल तर डॉक्टर थोडे दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिसोन देतात, आम्हाला गरज पडली नाही. खोबरेल तेल चालेल का, असं आईनं विचारलं. पातळ हातानं लावायला डॉक्टरबाईंची हरकत नव्हती. घासणं, उटणं, लिंबू मात्र बंद. लिंबाचा रस लावून मूल उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. बावचीचं तेही जहाल काम आहे, त्यानं फोड येतात. मी मुंजीत नम्रपणे मान हलवली होती, ती तेवढ्यावरच राहिली हे बरं.

रेडिंगचं पाणी भयंकर जड. किटलीत आठवड्याला पांढरा थर बसतो. त्यामुळे नवऱ्यानं लगेच पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या किमती काढल्या. वाचता वाचता कळलं की नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर हाच प्रयोग करून २०११ मध्ये निष्कर्ष छापला होता: नेहमीच्या उपचारांत यंत्रानं भर पडली नाही. आमचे हजारभर पौंड वाचले. नवऱ्याला जरा वाईट वाटलं, त्याला यंत्रं आवडतात.

एक गोष्ट मात्र डब्यावर बारीक अक्षरात असते आणि आपण वाचत नाही. ही मॉइश्चरायझर कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात मुरतात आणि असं कापड पटकन पेट घेतं. पॅराफिन असलेलं असो वा नसलेलं. ब्रिटनमधल्या औषध नियंत्रकांनी तसा इशारा दिलेला आहे. दिवाळीत, देवासमोर निरांजन लावताना क्रीमनं माखलेली ओढणी घेतलेली पोर समईपाशी बसवू नये.

किती दिवसांत जातं? इथं धीर लागतो. काही महिने, कधी वर्ष किंवा त्याहूनही जास्त. खरखर आधी जाते, रंग सावकाश येतो. मध्येच नवीन उगवतात. पण खूण न ठेवता जातं.

मग डॉक्टरांनी कोड नाही हे कशावरून ठरवलं? हे मी मुद्दाम विचारलं, आणि विचारताना माझा आवाज काकूंसारखा खाली आला, हे मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, कडा बघा. हिच्या चट्ट्यांची कड विरघळल्यासारखी आहे, कुठे सुरू होतो कुठे संपतो ते सांगता येत नाही. रंग फिका आहे, गेलेला नाही. वर कोंडा आहे. कोडात रंग पूर्ण जातो, दुधासारखा पांढरा होतो, कड रेखीव असते, कातडी मात्र मऊ गुळगुळीत, कोंडा नसतो. कधी त्या जागेचे केसही पांढरे होतात. शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत एक जांभळट दिवा टाकून बघतात. कोडाची जागा त्यात निळसर-पांढरी चमकते, हे चट्टे तसे चमकत नाहीत. आपल्याकडे ज्याला शिबं म्हणतात तेही वेगळं. ती बुरशी असते, बहुधा वयात येणाऱ्या मुलांच्या छातीपाठीवर. आणि कड उचललेली, गोल गोल पसरणारी असेल तर तो नायटा.

आणखी एक शक्यता आहे. इथल्या डॉक्टरच्या ती मनातही येणार नाही, पण सुट्टीत गावी जाऊन आलेल्या आपल्यासारख्यांनी ती माहीत ठेवावी. फिकट चट्टा बधिर असेल, तिथं टोचलेलं, गरम-गार कळत नसेल, घाम येत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात. औषधं मोफत आहेत, सहा महिने ते वर्षभरात माणूस बरा होतो. आमच्या लेकीला गालावर कापूस फिरवला तरी गुदगुल्या होत होत्या, तो प्रश्नच नव्हता.

पण हे सांगताना एक शब्द डोळ्यांसमोर येतो. आपण कोडाला श्वेतकुष्ठ म्हणतो. कोडाचा कुष्ठाशी काडीचा संबंध नाही. त्यात जंतू नसतात, ते पसरत नाही, बधिरपणा नसतो. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नाहीशा होतात, एवढंच. जगात शंभरातल्या साधारण एकाला होतं. पण नावातच कुष्ठ घातल्यावर "बाईंच्या हातचं पाणी" आलंच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' मी २००६ मध्ये कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर बघितला होता. त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. आम्ही बाहेर येऊन रस्त्यात तावातावानं चर्चा केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत माझं लग्न झालं, आणि सीमांतपूजनाचं मी वर सांगितलंच आहे.

निदान हातात आल्यावर लेकीला विमानातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले. तुझ्या गालावर आहे तो कोरडेपणा, तो जाईल. कोड वेगळं, ते आत्याआजीला आहे, त्यात कातडीचा रंग जातो. ती म्हणाली, "म्हणजे व्हिटिलिगो? माझ्या मैत्रिणीकडे ती बार्बी आहे." २०२० पासून तशी बाहुली दुकानात मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. मग तिनं विचारलं, "पण आजी म्हणाली कठीण आहे. दुखतं का आत्याआजीला?"

मी म्हटलं, तूच विचार. व्हिडिओ कॉल लावला. आत्यानं आधी तिचे गाल कॅमेऱ्याजवळ आणायला लावले, नीट बघितले. "तुझं जाईल हो. माझ्यासारखं नाही ते." मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, बाह्या वर करून. मी तिचे दंड एवढ्या उजेडात पहिल्यांदाच बघत होते. लेक म्हणाली, "हा बघ आफ्रिका! आणि हे इथलं मादागास्कर." आत्या खळखळून हसली. भूगोल शिकवायची ती. दोघींनी मिळून ऑस्ट्रेलियाही शोधला. दुखत नाही, फक्त उन्हात लगेच भाजतं, असं तिनं सांगितलं.

लेक पळाल्यावर मी म्हटलं, "आत्या, माझ्या लग्नात तू सीमांतपूजनाला नव्हतीस."

"तेव्हा माझा गुडघा दुखत होता गं," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "क्रीम नेमानं लाव तिला. पोरं कंटाळा करतात."

जूनमध्ये भावानं मुंजीचा अल्बम पाठवला. फोटो झकास. फोटोवाल्यानं आपण होऊन लेकीचे गाल साफ करून दिले होते, एकसारखे तुकतुकीत. मोठ्या ग्रुप फोटोत आत्याचे ओठ आणि हातही एकाच रंगाचे केले होते. मी ते बघून पान उलटणार होते. लेकीनं बोट ठेवलं, "आत्याआजीची आफ्रिका कुठे गेली?"

भावाला फोन केला. फोटोवाला म्हणाला, सगळेच काढून मागतात, म्हणून काढले. मूळ फोटो आहेत, देतो. ते आले. त्यातला एक आता आमच्या फ्रिजवर आहे. बटू डोळे मिटलेला, काकूंचा पदर वाऱ्यानं उडालेला, लेक चार चट्ट्यांसकट दात काढून हसतेय आणि आत्याचा हात तिच्या खांद्यावर आहे.

गालावरचे चट्टे सप्टेंबरपर्यंत गेले. परवा थंडी सुरू झाल्यावर हनुवटीखाली एक नवीन दिसलाय. क्रीमचा डबा परत बेसिनपाशी आणून ठेवलाय.